दाखल क्रमांक

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी पहिल्यांदा उघडलेली पाहिली ती टेबलफॅनसमोर. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेच्या महापुराचं पाणी उतरून चार दिवस झाले होते, गावभागात वीज आली नव्हती आणि तो एकुलता एक फॅन जनरेटरवर चालला होता. ग्रंथपाल काकांनी मला एकच काम दिलं होतं. वहीच्या प्रत्येक पानाखाली कोरा कागद सरकवायचा, तो ओला झाला की काढायचा, दुसरा घालायचा. "ओढू नका हं ताई. पान आपणहून सुटंल तेवढंच सोडवायचं," एवढं सांगून ते मागच्या खोलीत चिखल काढायला गेले.

चाळीस वर्षं मी या वाचनालयात जाते. आधी वडिलांच्या कार्डावर बालविभागातली पुस्तकं आणायचे, मग माझं स्वतःचं कार्ड झालं. पुढं आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला राहायला आलो, तरी आईनं सभासदत्व तिथलंच ठेवायला लावलं. दर शनिवारी तिची दोन पुस्तकं परत करायची आणि दोन आणायची, हा माझा नेम. पण एवढ्या वर्षांत ही वही कधी हाताला लागली नव्हती. वाचकाला तिची गरजच पडत नाही. वाचनालयात पुस्तक आलं की त्याच्यावर शिक्का बसण्याआधी ते या वहीत चढतं. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, पानं, किंमत, कुठून आलं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला मिळत नाही. पुस्तक हरवो, फाटो, कसरीच्या तोंडी जावो, त्याचा क्रमांक त्याच्याच नावावर राहतो आणि शेऱ्यात लाल शाईनं एक ओळ पडते.

वही लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात होती, म्हणून अर्धीच भिजली होती. तिच्याकडे बघत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मी काकांना हाक मारून दाखवली. जुन्या पानांवरची अक्षरं जशीच्या तशी होती. १९३०-४० च्या सुमाराची, टाक बुडवून लिहिलेली, काळसर निळी, जरा तिरकी अक्षरं; कागद तपकिरी डागांनी भरलेला, पण शब्द न् शब्द वाचता येत होता. त्यानंतरच्या तीसेक वर्षांची पानं मात्र नुसती आकाशी झाली होती. त्या शाईचे रंग पाण्यात विरघळणारे. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोह असायचं, ते कागदात मुरून पक्कं होतं. त्याच्याही नंतरची बॉलपेनची पानं पुन्हा शाबूत. म्हणजे एका वहीत मधलीच तीस वर्षं धुऊन गेली होती. काका बराच वेळ ते आकाशी पान बघत उभे राहिले. म्हणाले, "हे अक्षर आमच्या आधीच्या ग्रंथपालांचं. मोत्यासारखं होतं."

सांगलीच्या माणसाला पाणी फुटात कळतं. पावसाळ्यात भाजी आणायला निघालं तरी आधी विचारतात, "आयर्विनला किती झालं?" १९२९ साली बांधून झालेल्या या पुलावर पाण्याची पट्टी आहे. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ. महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळला की आम्ही तारखा मोजायला लागतो, आणि खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तीही त्याच वेळी फुगलेली असते. २००५ ला पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा जुन्या माणसांनीही एवढं पाणी बघितलं नव्हतं. त्यानंतर चौदा वर्षं सगळ्या शहरानं त्या खुणेला शेवटची खूण मानलं. दुकानदारांनी माळे त्या उंचीवर बांधले, आमच्या वाचनालयानंही संदर्भाची कपाटं त्या खुणेच्या वर उचलून घेतली होती. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. हरभट रोडवर, मारुती रोडवर होड्या चालल्या. नगर वाचनालयासारख्या दीडशे वर्षांच्या परंपरेच्या संस्थेतही पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली.

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. कुणाची जनावरं दावणीला गेली, कुणाची घरं बसली. त्या दिवसांत पुस्तकांबद्दल मोठ्यानं बोलताना जीभ अडखळायची. छावणीत जेवण वाढताना काकांना एकानं विचारलं, "तुमचं किती नुकसान झालं?" तर ते नुसते "आमचं काय, कागद" म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले. पुढं १२ ऑगस्ट आला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची जयंती म्हणून तो दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. दरवर्षी त्या दिवशी काका रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालून वाचकांना पेढा देतात. त्या वर्षी ते विश्रामबागच्या एका शाळेतल्या छावणीत होते आणि तसबीर पाण्याखाली होती.

पाण्यानं पुस्तकाचं काय होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, भिजतं, मग वाळतं. प्रत्यक्षात पुस्तक पाणी पिऊन फुगतं. कपाटात दाटीनं लावलेली पुस्तकं फुगली की एकमेकांत अशी गच्च बसतात की एकही बाहेर निघत नाही. आमच्या कादंबरी विभागातल्या लाकडी कपाटांची दारं आधी फुगून बसली, मग आतल्या पुस्तकांनी मागच्या फळ्या फोडल्या. पहारीनं कपाटं उघडावी लागली. आतून जो वास आला तो शेणाचा, मातीचा आणि खळीचा मिळून होता. पुढं आठवडाभर तो माझ्या केसांतून गेला नाही. छापील अक्षर मात्र सहसा जात नाही, कारण छपाईची शाई तेलातली असते. जातो तो कागद. गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तकं, म्हणजे मुलांची चित्रांची, चित्रकलेची, प्रवासाच्या फोटोंची, एकदा भिजून वाळली की त्यांची वीट होते. पानं एकमेकांना चिकटतात ती कायमची. बालविभागातल्या त्या विटा आम्ही घमेल्यातून वाहिल्या. तळमजल्यावर उभी राहून ज्या पुस्तकातला वाघ मी पहिल्यांदा बघितला होता, तेही त्यात असणार.

आणि बुरशी. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि आमच्याकडे पाणीच आठवडाभर हटलं नव्हतं. तज्ज्ञांचं म्हणणं असं की वाळवायला वेळ मिळणार नसेल तर ओली पुस्तकं सरळ गोठवून टाकावीत. शून्याच्या खूप खाली बुरशी थांबते, मग सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात. हे मला नंतर वाचून कळलं आणि हळहळ वाटली. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची इतकी शीतगृहं आहेत! ती गोठवणारी नसतात, नुसती थंड असतात, हे खरं; पण त्या गारठ्यानंही बुरशी चार दिवस लांबली असती. बेदाणा जपायचा कसा, हे या जिल्ह्याला हिंदुस्थानात कुणी शिकवायला नको. तेच शीतगृहवाले आमच्याच वाचनालयाचे सभासद आहेत, हक्कानं मागितलं असतं तर त्यांनी कोपरा दिला असता. कुणाला सुचलं नाही. पुढच्या वेळी सुचावं म्हणून हे इथं सविस्तर लिहून ठेवतेय.

इटलीत फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी अशीच शहरात घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं चिखलात गेली. देशोदेशीची तरुण पोरं आपण होऊन आली, रांगा करून हातोहात पुस्तकं वर काढली. त्यांना लोक चिखलातले देवदूत म्हणायला लागले. ओला कागद वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या चिखलातून उभं राहिलं. आमच्याकडेही पोरं आली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत रोज बसणारी, ज्यांच्याबद्दल जुने सभासद कुरकुर करायचे की ही मुलं वाचनालयात येतात पण वाचनालयाचं एक पुस्तक घेत नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कायमच्या दुष्काळी भागातली मुलं ती. त्यांच्या गावात टँकर चालू होते आणि इथं ती कमरेएवढ्या चिखलात उभी होती. त्यांतल्या एकानं एका मोठ्या कोशाचा खंड तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर धरून बाहेर आणलेला मी पाहिला. दुसऱ्यानं विचारलं, "हे वाचतंय कोण आता?" तो म्हणाला, "असू दे की."

या वाचनालयांची सुरुवात कशी झाली हे सांगितलं पाहिजे, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मुलखात ठिकठिकाणी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाल्या. रत्नागिरीला १८२८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये, पुण्यात १८४८ ला, कोल्हापुरात १८५० ला. कारकून, वकील, शिक्षक, संस्थानचे अधिकारी वर्गणी काढायचे, वर्तमानपत्रं मागवायचे, जमतील तशी पुस्तकं घ्यायचे. 'नेटिव्ह' हा शब्द पुढं गळून पडला आणि 'नगर वाचनालय', 'वाचन मंदिर' अशी नावं आली. मला हा नावातला बदल फार मोलाचा वाटतो. साहेबानं दिलेलं नाव टाकून शहरानं आपलं नाव लावलं. तोवर ग्रंथ म्हणजे कुणाच्या तरी वाड्यातल्या, रुमालात बांधलेल्या पोथ्या. बघायच्या तर मालकाची मर्जी लागायची. वर्गणी भरली की कुणीही पुस्तक घरी न्यावं, ही गोष्ट नवी होती. अर्थात 'कुणीही' हा शब्द कागदावर जितका रुंद होता तितका दारात नव्हता. आमच्या नोंदवहीच्या जुन्या पानांवर देणगीदार म्हणून मला एकाही बाईचं नाव सापडलं नाही. बऱ्याच पुढं एका ठिकाणी 'सौ.' दिसलं, तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. या कायद्यानं ग्रंथालयांना अनुदान मिळायला लागलं, अ, ब, क, ड असे वर्ग आले, तपासण्या आल्या. पण ग्रंथालय सरकारचं झालं नाही. चालवायचं संस्थेनं, सरकारनं हातभार लावायचा, अशी आपल्याकडची रीत. तिच्यात एक स्वाभिमान आहे आणि एक अडचणही. कर्मचाऱ्यांचे पगार, पुस्तकं, मासिकं, विजेचं बिल, सगळं त्याच अनुदानातून आणि वर्गणीतून ओढायचं. पगाराचा आकडा मी इथं लिहीत नाही, पण आयुष्यभर पुस्तकं सांभाळणाऱ्या माणसाला आपण काय देतो हे एकदा आपापल्या ग्रंथपालांना शेजारी बसून विचारावं.

फॅनसमोर बसून मी त्या दिवशी जी पानं वाचली ती विसरता येत नाहीत. दाखल नोंदवहीत शहराचं सगळं मन उमटलेलं असतं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं, मराठीतलं पहिलं नाटक केलं. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. त्यामुळं आमच्या वहीत पानामागून पान नाटकांचं. संगीत नाटकांच्या पदांची ती चार-सहा पानी पुस्तकं, नाटकगृहाच्या दारात विकली जायची, प्रेक्षक खेळाच्या वेळी हातात धरून पदं म्हणायचे. ही पुस्तकं कुणी जपत नाही, खेळ संपला की ती पुड्या बांधायला जातात. आमच्या वाचनालयात कुण्या हौशी ग्रंथपालानं अशी शेकडो पुस्तकं गोळा करून, दहा-दहाची एक अशी बांधून घेतली होती. किमतीच्या रकान्यात 'एक आणा', 'दोन आणे'. एका बांधणीच्या शेऱ्यात लिहिलेलं : 'पृष्ठे अपुरी, तथापि दुर्मीळ.' त्या 'तथापि' साठी मला तो माणूस भेटायला हवा होता.

मग इतिहास. मिरजेला शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून खंडावर खंड छापले. शिक्षकाच्या पगारात. त्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड आमच्या वहीत एकेक करून, निघतील तसे चढलेले दिसतात, मध्ये वर्षावर्षांची अंतरं ठेवून.

आणि मासिकं. या भागातल्या वाचनालयाचं खरं धन मासिकांच्या बांधीव खंडांत असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकाची दुसरी प्रत कुठं ना कुठं मिळते. जुन्या मासिकांचं तसं नसतं. किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानातल्या माळावर १९१० मध्ये वसली, नांगरांच्या कारखान्यासाठी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' काढलं, तेच पुढं 'किर्लोस्कर' झालं. १९३० ला 'स्त्री' आलं, १९३४ ला 'मनोहर'. आगगाडीच्या एका छोट्या स्टेशनाजवळच्या माळावरून घराघरांत विचार पोचवणारी तीन मासिकं! नंतर ती पुण्याला गेली, पण सुरुवातीच्या वर्षांचे अंक इथले, आमच्या मातीत छापलेले. वर्षाच्या शेवटी बारा अंक बाइंडरकडं जायचे, कापडी कण्याचा, मार्बल कागदाचा पुठ्ठा चढून यायचे आणि त्यांना एक दाखल क्रमांक मिळायचा. हे सगळे खंड खालच्या रांगेत होते. जड असतात म्हणून ते नेहमी खालच्या रांगेतच असतात.

हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, वर तोंड लहान आणि आत पोटात पुष्कळ हळद मावेल एवढी. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं राहावी आणि तिला कीड लागू नये, रंगही जाऊ नये. माझे वडील हळदीच्या अडतीवर हिशेबनीस होते, त्यांनी मला लहानपणी एक पेव उघडताना दाखवलं होतं. तोंडावरची माती काढली की आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कुणाला उतरू देत नाहीत. कंदील सोडून बघतात. मग आतून पिवळाधमक माल वर येतो, वर्षांपूर्वी ठेवलेला, आज ठेवल्यासारखा. २००५ च्या पुरात पाणी त्या पेवांत उतरलं आणि त्यांतली पुष्कळशी कायमची गेली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी त्या वर्षी पेवांबद्दल एक शब्द काढला नाही, पण संध्याकाळचं हरिपूरला फिरायला जाणं बंद केलं. वाचनालयाचं कुलूप उघडून आत पाऊल टाकलं तेव्हा मला ते न फिरलेले रस्ते आठवले.

सप्टेंबरात यादी करायला घेतली. पंचनामा झाला होता, पण पंचनाम्यात 'भिजलेली पुस्तके, अंदाजे इतकी' असं लिहितात आणि किंमत छापील लावतात. दोन आण्यांच्या पुस्तकाची भरपाई दोन आणे! काय गेलं त्याची नावं कुठं तरी राहिली पाहिजेत, असा काकांचा हट्ट होता. मी बँकेतून सुटल्यावर रोज दोन तास तिथं बसून नोंदवहीवरून एक्सेलमध्ये भरायला लागले. आकाशी झालेल्या पानांपाशी अडायचे. कधी लेखकाचं आडनाव उरलेलं, कधी नुसतं साल आणि पानांची संख्या. त्यांतल्या जुन्या पुस्तकांसाठी काकांनी मला शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आणून दिली, कुणाच्या तरी घरून मागून. १८०० ते १९३७ या काळात मराठीत जे जे छापलं गेलं त्याची ही सूची १९४३ ला निघाली. पुढचा भाग १९३८ ते १९५० चा. गावोगावची ग्रंथालयं धुंडाळून, पुस्तक प्रत्यक्ष बघून एका माणसानं नोंदी केल्या. संगणक नाही, झेरॉक्स नाही. मी अर्धवट पुसलेली एक ओळ घेऊन त्या सूचीत बोट फिरवत जायचे आणि एखाद्या संध्याकाळी सापडायचं : हेच ते. पुस्तक नव्हतं, पण नाव परत मिळालं. मी ते टाइप करायचे तेव्हा खरोखर बरं वाटायचं.

बदलते नकाशेही असेच, शिक्क्यांतून उलगडले. पुस्तकांवरचे शिक्के मी आधी कधी निरखले नव्हते. सगळ्यात जुन्यांवर 'संस्थान सांगली'. मग १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९४९ ला जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाचा, तसा शिक्का. १९६० पासून 'जि. सांगली'. काही पुस्तकांवर तिन्ही शिक्के, एकाखाली एक, दर वेळी कुणीतरी पुन्हा बसून मारलेले. पुराच्या पाण्यात त्या जांभळ्या शाईचे ढग झाले होते आणि तीन राजवटी एकमेकींत मिसळल्या होत्या.

महाराष्ट्रभरातून पुस्तकं आली. खोकीच्या खोकी. लोकांच्या मनाचा मोठेपणा त्यात होता आणि तो मी कधी विसरणार नाही. तरीही एक गोष्ट सांगते, कारण पुढं कुणाला तरी उपयोग होईल. त्यात त्याच त्या पाच-पंचवीस पुस्तकांच्या पुष्कळ प्रती होत्या. वाचनालय पुन्हा उभं करायला मदत करायची असेल तर आधी त्याची यादी मागा. आपल्या माळ्यावर पडलेले जुने दिवाळी अंक, आजोबांच्या ट्रंकेतली पदांची पुस्तकं, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे गठ्ठे, हे द्या. नवीन पुस्तक वाचनालय विकत घेऊ शकतं.

आणि एक मागणं वाचनालयं चालवणाऱ्यांकडं. पुस्तकांचं स्कॅनिंग होईल तेव्हा होवो, त्याला पैसा लागतो, माणसं लागतात. पण दाखल नोंदवहीचे फोटो आज संध्याकाळी मोबाइलवर काढता येतात. दोनशे पानं, एक तास. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर आलं, तेव्हा आमच्या वहीचे फोटो चार वेगवेगळ्या घरांत होते आणि वही स्वतः विश्रामबागला माझ्या देवघराशेजारच्या कपाटात होती. त्या रात्री मी झोपू शकले.

पण मी २०१९ च्या दिवाळीआधीचं सांगत होते. यादी करता करता मी मासिकांच्या पानांवर आले. 'किर्लोस्कर'चे खंड, शेऱ्यात लाल शाईनं 'महापूर २०१९'. 'मनोहर', महापूर २०१९. 'स्त्री', १९३४, ३५, ३६, ३७, सगळ्यांपुढं तेच. काकांनी एकेक ओळ स्वतःच्या हातानं लिहिली होती, एकदा लिहून खाली 'वरीलप्रमाणे'च्या खुणा केल्या नव्हत्या. मी टाइप करत गेले. 'स्त्री', १९३८, बांधीव. महापूर २०१९.

बोट तिथंच थांबलं.

बांधीव खंड बाहेर द्यायचे नसतात. पण आईचे गुडघे गेल्यापासून तिला वाचनालयाचा जिना चढता येत नाही, आणि तिला तिच्या आईनं वाचलेले अंक बघायचे होते. एप्रिलमध्ये काकांनी माझ्या हातात तो खंड वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. "नियमात बसत नाही. पण आई वाचतील, नीट ठेवतील. पंधरा दिवसांत आणा." पंधरा दिवसांचा महिना झाला, मग उन्हाळ्याची सुट्टी, पाहुणे, मग पाऊस. मी विसरले होते. काकाही विसरले होते, कारण त्यांनी ती नोंद कुठंच केली नव्हती.

मी काही न बोलता स्कूटर काढली. खंड आईच्या उशाशी होता. विणकामाच्या एका नमुन्याशेजारी कुणा वाचकबाईनं पेन्सिलीनं टाके मोजून लिहिलेले, 'दोन सुलट, दोन उलट, शेवटचा सोडणे', तिथं तिनं मोरपीस घातलं होतं. आजीचं अक्षर नव्हतं ते, आईनं आधीच निरखून पाहिलं होतं. "नेतेस?" तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मोरपीस काढून घेतलं आणि खंड पदरानं पुसला.

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वर्तमानपत्र सोडलं, पुठ्ठा उघडला, शिक्का बघितला. 'संस्थान सांगली', कडा अगदी स्वच्छ. मग ते नोंदवहीकडं गेले, ओळ काढली, 'महापूर २०१९' वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'प्राप्त' लिहिलं, तारीख घातली, सही केली. बराच वेळ ते खाली बघूनच उभे होते. खोलीत कपाटं नव्हती, ती अजून सुताराकडं होती. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

"आईंचं वाचून झालं का?" त्यांनी विचारलं.

"अर्धा राहिलाय," मी म्हटलं.

त्यांनी खणातून नवी तारीखपट्टी काढली, खळ लावून शेवटच्या पानावर चिकटवली, वाळेपर्यंत तळवा दाबून धरला, आणि शिक्का मारला.

"मग घेऊन जावा," ते म्हणाले. "सावकाश होऊ दे."